‘ब्रिंग अप’चा तर्जुमा

सुंदरम्मा बिराजदार नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवायची. सोलापुरातली मुलींची शाळा, आणि मागच्या अंगाला त्याच संस्थेचं बोर्डिंग. त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. पावसानं ओळीनं दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. खेड्यांतल्या लोकांनी मुलींना बोर्डिंगात ठेवलं होतं ते निम्मं शिक्षणासाठी, आणि निम्मं दोन वेळ पोटात काहीतरी पडेल म्हणून.

त्या दिवशी फळ्यावर ‘ब्रिंग अप’ होतं. हा भाग शिकवायला सुंदरम्माला आवडायचा. ‘ब्रिंग’ म्हणजे आणणं, हे पाचवीतल्या मुलीलाही ठाऊक. पण त्याच्यामागे ‘अप’ एवढासा शब्द लागला की आणणं कुठल्या कुठे जातं. तिनं एकाखाली एक तीन अर्थ लिहिले. मूल लहानाचं मोठं करणं. बोलण्यात एखादा विषय काढणं. तिसऱ्याशी ती जरा घुटमळली, पण पुस्तकात होता म्हणून लिहिला. ओकणं.

“तिसऱ्या अर्थाचं वाक्य कोण करेल?”

गावातल्या, घरून येणाऱ्या मुली तोंडावर हात ठेवून हसू लागल्या. मागच्या बाकावरून अमिना उठली. ही मोडनिंबची. तिचा बाप हाशम हायवेवर ट्रकच्या चाकांची पंक्चर काढायचा. वर्गात फारसं न बोलणारी मुलगी, पण इंग्रजीचं व्याकरण पक्कं.

“वुई ब्रिंग अप अवर फूड एव्हरी नाइट, बाई.”

“करेक्ट. बस,” सुंदरम्मा म्हणाली.

वाक्य बिनचूक होतं. वर्ग हसत होता. पण मागच्या दोन-तीन बाकांवर बोर्डिंगच्या मुली बसल्या होत्या, त्यांच्यातली एकही हसली नव्हती. सुंदरम्माच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला.

मधल्या सुट्टीत तिनं अमिनाला स्टाफरूमच्या बाहेर बोलावलं.

“वाक्य मनानं केलंस की खरं आहे?”

“खरं हाय बाई.” अमिना खाली बघून बोलत होती, पण आवाजात तक्रार नव्हती. “भाकरीला वास येतो. पिठात उंदराच्या लेंड्या असत्यात, त्या चाळल्या तरी भुगा ऱ्हातो की. आमटीवर अळ्या येत्यात. त्या काढून टाकतो अन् खातो. पण ऱ्हात न्हाय पोटात. वर आमच्या हॉलमधी एक बादली ठेवलीय. सकाळी पाळीनं धुतो.”

सुंदरम्माच्या तोंडाला पाणी सुटलं, मळमळताना सुटतं तसं. तिनं डबा उघडलाच नाही त्या दिवशी.

संध्याकाळी ती बोर्डिंगच्या रेक्टरबाईंना, बसम्मांना, भेटायला गेली. बसम्मा दारातल्या पायरीवर बसून मिश्री लावत होत्या. काळं झालेलं बोट हिरड्यांवरून फिरवत, मधूनच बाजूच्या कुंडीत थुंकत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“घरी काय पक्वान्नं खात व्हत्या व्हय या पोरी?” त्या म्हणाल्या. “दुष्काळ हाय. मिळतंय ते खावं की. वळणच न्हाय यांना. आईबापानं काय शिकवलंच न्हाय. बाहेरचं काहीबाही खात्यात अन् आमच्या भाकरीला नावं ठेवत्यात.”

“मी एकदा स्वयंपाकघर बघू?”

“तुमी इंग्रजी शिकवा बाई. सोप्पं काम हाय ते.” बसम्मांनी पुन्हा थुंकून बोट साडीच्या ओच्याला पुसलं.

सुंदरम्मा परत फिरली. वाटेत तिला त्या काळ्या बोटाची शिसारी येत राहिली, आणि त्या शिसारीतच तिचा राग विरून गेला. आपण विषय काढला, आपलं काम झालं, असं तिनं मनाशी ठरवलं. तिची नोकरी अजून कायम झाली नव्हती. घरी विधवा आई होती. पुढचे तीन आठवडे ती वर्गात मागच्या बाकांकडे न बघता शिकवत राहिली.

मार्चच्या मध्यावर एका पहाटे बोर्डिंगातल्या नऊ मुलींना, त्यांत अमिनालाही, टांग्यांत घालून सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. दोघींना सलाइन लावलं. मेलं कोणी नाही, पण सगळ्यात धाकटी मुलगी दोन दिवस डोळे उघडत नव्हती. डॉक्टर मैनुद्दीन हे तिथले तरुण डॉक्टर. त्यांनी मुलींना एकेक करून विचारलं, मग न सांगता बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात जाऊन आले, आणि इंग्रजीत दोन पानांचा अहवाल लिहून वर जिल्ह्याच्या कचेरीत पाठवून दिला. आठ-दहा दिवसांत त्याची प्रत संस्थेकडे आली. मराठी तर्जुमा जोडावा, तो पालकांना वाचून दाखवावा, आणि खुलासा करावा, असा शेरा होता.

संस्थेचे सेक्रेटरी शरणप्पा यांनी सुंदरम्माला ऑफिसात बोलावलं. शरणप्पांची धान्याची अडत होती, आणि बोर्डिंगचं धान्य त्यांच्याच गोदामातून यायचं. लोक त्यांना अप्पा म्हणत. खोलीत उदबत्तीचा आणि तपकिरीचा मिळून एक कोंदट वास होता. टेबलावर त्यांचा तपकिरी डागांचा रुमाल घडी करून ठेवलेला होता, आणि त्याच्या बाजूलाच अहवाल.

“या बाई. बसा.” आवाज मऊ होता. “आपल्या ईरप्पानं तर्जुमा केलाय. तुमी इंग्रजीच्या टीचर. खाली तेवढं लिहा, तर्जुमा बरोबर आहे. अन् सही करा.”

ईरप्पा हेडक्लार्क कोपऱ्यात उभा होता. तो सुंदरम्माकडे बघत नव्हता.

सुंदरम्मानं आधी इंग्रजी वाचलं. डॉक्टरांनी मुलींचं म्हणणं एका लांब वाक्यात लिहिलं होतं, आणि त्यात ‘ब्रिंग अप’ तीनदा आलं होतं. तिच्या फळ्यावरचे तिन्ही अर्थ. मुली सांगतात की रोज रात्री त्या जेवलेलं ओकत. त्यांनी रेक्टरबाईंपुढे हा विषय काढला, तेव्हा तुम्हाला घरी नीट वाढवलेलं नाही, असं उत्तर त्यांना मिळालं.

मग तिनं ईरप्पाच्या ठळक अक्षरातला तर्जुमा वाचला. ‘मुली सांगतात की रोज रात्री त्या जेवण वर आणीत असत. सदर जेवण त्यांनी रेक्टरबाईंसमोर आणले असता, तुमचे संगोपन नीट झालेले नाही, अशी त्यांना समज देण्यात आली.’

बोर्डिंगचं स्वयंपाकघर खाली, मुलींचा झोपायचा हॉल वर. अन्न वर नेऊ नये असा नियम भिंतीवर लावलेला होता. एका वाक्यात सगळं फिरलं होतं. मुलींनी चोरून जेवण वर नेलं, शिळं करून खाल्लं, रेक्टरबाईंनी पकडलं आणि समज दिली.

“हे बरोबर नाही,” सुंदरम्मा म्हणाली.

“कुटं चुकलं?” शरणप्पांनी विचारलं. “ब्रिंग म्हणजे आणणं. अप म्हणजे वर. आमी चौथी शिकलेले, आमालाबी कळतंय.”

“दोन्ही मिळून अर्थ वेगळा होतो.”

“होत असंल. हाबी होतो की न्हाय?”

“शब्दाला शब्द लावला तर होतो. पण इथं—”

“मग झालं तर.” त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली, रुमाल उघडून नाक शिंकरलं, आत काय आलं ते बघितलं आणि रुमाल पुन्हा तशीच नीट घडी घालून अहवालावर ठेवला. “जूनमधी तुमचा कायमचा कागद माझ्याच टेबलावर येतोय. रविवारी सभा हाय. तवर सही करून द्या.”

रुमाल बाजूला सारून कागद उचलणं तिला जमेना. शेवटी ईरप्पानं तो उचलून तिच्या हातात दिला आणि तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आला.

“ईरप्पा, तुम्हाला तिसऱ्या ठिकाणी संगोपन बरोबर सुचलं,” ती जिन्यात थांबून म्हणाली. “तिथं ‘वर आणलेले’ नाही लिहिलंत तुम्ही.”

ईरप्पा कठड्याची पोपडी नखानं काढू लागला. “डिक्शनरी बघितली व्हती बाई. सगळे अर्थ एकाखाली एक हायत. मी खरं तेच घातलं व्हतं आधी. अप्पांनी खोडलं. डिक्शनरी मागून घेतली अन् कुटला अर्थ कुटं बसवायचा ते बोट ठेवून सांगितलं.” मग आणखी हळू आवाजात म्हणाला, “मलाबी दोन पोरी हायत.”

हे शेवटचं वाक्य कशासाठी, ते सुंदरम्माला कळलं नाही. त्याला लाज वाटत होती म्हणून, की सही करून टाका म्हणून. दोन्ही असेल. तिला त्याचीही किळस आली. त्याच वेळी आपण तीन आठवडे काय केलं हेही आठवलं, आणि ती खाली उतरली.

त्या संध्याकाळी ती जेवायच्या वेळेला बोर्डिंगात गेली. बसम्मा गावात गेल्या होत्या. मुली दवाखान्यातून आल्यावर चार दिवस गरम भात मिळाला होता, मग पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं होतं, हे तिनं अमिनाकडून काढून घेतलं होतं. पंगतीत शेवटच्या पाटावर ती अमिनाशेजारी बसली. वाढणाऱ्या बाईनं तिच्याकडे बघितलं आणि पळी तशीच धरून म्हणाली, “तुमी नका बसू बाई.”

“वाढा.”

भाकरी करड्या रंगाची होती. तोडली की आतून बंद पेटीसारखा कुबट वास यायचा. आमटीवर तेलाचा खवट तवंग होता, आणि त्यात पांढरं, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी फिरत होतं. सुंदरम्माला वाटलं कणीच असेल. मग ते वळवळलं. शेजारच्या मुलीनं सवयीनं बोटाच्या टोकानं आपल्या ताटातलं तसलंच काढून पाटाखाली पुसलं आणि घास घेतला.

सुंदरम्मानं चार घास खाल्ले. पहिला कडू लागला, दुसऱ्याला दातांखाली माती करकरली, तिसऱ्यात काहीतरी फुटलं. ते काय ते तिनं मनात येऊ दिलं नाही. चौथा तिनं पाण्याबरोबर ढकलला. बाकीच्या मुली मान खाली घालून खात होत्या, औषध घेतात तशा.

ती मोरीपर्यंत पोचली, एवढंच. चारही घास बाहेर पडले. डोळ्यांतून पाणी, नाकातून आंबट. कोणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं, दुसऱ्या हातानं तिचा पदर वर धरला होता.

“लगेच पाणी पिऊ नका बाई,” अमिना सांगत होती. “आधी चूळ भरा. मग थोडं थोडं प्या. एकदम प्यालं तर पुन्हा येतंय.”

तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला हे इतकं नीट ठाऊक असावं, याचीच सुंदरम्माला सगळ्यात जास्त घाण वाटली. ती मोरीच्या काठावर तशीच बसून राहिली. अमिनानं दोन तांबे पाणी ओतून मोरी धुतली. तेही सवयीचं.

रविवारी दहा वाजता शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. पुढे खुर्च्यांवर शरणप्पा आणि चार ट्रस्टी, समोर सतरंजीवर पंचवीस-तीस पालक. काही अक्कलकोटकडचे, आपसात कानडी बोलणारे. हाशम रात्रीच्या एस.टी.नं येऊन स्टँडवरच थांबला होता. त्याच्या नखांत ग्रीस होतं आणि तो हात मांडीखाली लपवून बसला होता.

शरणप्पांनी प्रस्तावना केली, आणि सुंदरम्माबाई तर्जुमा वाचतील असं सांगितलं. तिनं सही केली की नाही हे त्यांनी विचारलंच नव्हतं. ती करणारच असं ते धरून चालले होते.

सुंदरम्मा उभी राहिली. तिच्या हातात ईरप्पाचा कागद नव्हता. रात्री बसून तिनं स्वतः दोन्ही पानांचा तर्जुमा केला होता. सुरुवातीला तिचा आवाज बसलेला होता. ‘मुली जेवलेलं ओकत’ इथपर्यंत ती आली, तेव्हा शरणप्पांनी हात वर केला.

“बाई, चुकून दुसराच कागद घेतला तुमी.”

“नाही. हाच बरोबर आहे. ऑफिसातल्या तर्जुम्यात ‘जेवण वर आणलं’ असं लिहिलंय. डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नाही.”

“इंग्रजी शब्दाचा कीस काढायला हितं कोण जमलं न्हाय.” ते पालकांकडे वळून हसले. “शब्दाचे चार अर्थ असत्यात. बाईंनी एक धरलाय, आमी एक धरलाय.”

“मी परवा इथं जेवले,” सुंदरम्मा म्हणाली. “मलाही ओकारी झाली. चार घासांत.”

मग हाशम उठला. त्यानं ग्रीसचे हात तसेच पुढे धरले होते.

“साहेब, आपल्याला इंग्रजी बी नै येत अन् अर्थ बी नै समजत. पीठ कुटं ठेवलंय ते दाखवा.”

“आज रविवार हाय, कोठी बंद—”

“कुलूप मी काढतो. ट्रकची चाकं खोलतो मी, त्येचं काय.”

पण कुलूप काढावं लागलं नाही. वाढणारी बाई मागच्या दारात उभी होती, तिनं कमरेची किल्ली काढून दिली. पालक उठले तसे ट्रस्टीही उठले. मागे थांबणं बरं दिसलं नसतं. कोठीत खिडकी नव्हती. दार उघडताच वास अंगावर आला आणि पुढचे दोघे मागच्यांवर आदळले. हाशमनं पिठाचा डबा दोन्ही हातांनी उचलून उजेडात, फरशीवर उपडा केला.

पीठ पडलं आणि पडल्यावरही हलत राहिलं. जाळ्या धरलेल्या गोळ्यांतून अळ्या बाहेर येत होत्या, मध्ये काळ्या लेंड्या, आणि तळाशी उंदराचं वाळलेलं पिल्लू. त्यालाही पीठ लागलेलं होतं. अक्कलकोटकडची एक बाई मटकन खाली बसली आणि कानडीत देवाचं नाव घेऊ लागली. ट्रस्टींपैकी सगळ्यात वयस्कर रुद्रप्पा उपरण्यानं नाक दाबून बाहेर गेले आणि भिंतीला धरून ओकले. शरणप्पा दारात उभे होते. त्यांनी सवयीनं रुमाल काढला, मग सगळे बघताहेत हे लक्षात येऊन तो परत खिशात घातला.

“गोदामातला माणूस बदलायला पायजे,” ते म्हणाले.

हाशम रिकामा डबा त्यांच्या पायाशी ठेवून अमिनाला शोधायला गेला.

पुढे काय झालं, तर फार काही झालं नाही. बसम्मांना प्रकृतीच्या कारणानं रजा दिली, त्या परत आल्या नाहीत. धान्य दुसऱ्या अडतीतून येऊ लागलं. सुंदरम्माचा तर्जुमा वर गेला, असं ईरप्पानं तिला सांगितलं. चौकशी झाली, शेरे मारले गेले. शरणप्पा सेक्रेटरी राहिले. जूनमध्ये सुंदरम्मा कायम झाली नाही. एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, आणि नववीऐवजी पाचवी.

हाशम त्याच दिवशी अमिनाला घेऊन गेला होता. एप्रिलच्या सुट्टीत सुंदरम्मा एस.टी.नं मोडनिंबला गेली. हायवेच्या कडेला पत्र्याचं शेड, मागे दोन खोल्या. अमिनाची आई सुगराबीनं चटई टाकली, चहा केला.

“अमिना हुशार आहे,” सुंदरम्मा म्हणाली. “बोर्डिंग नको. माझ्या घरी राहू दे. मी आणि आई, दोघीच असतो.”

सुगराबीनं चुलीतली लाकडं आत सारली. “तुमी भल्या हाय बाई. हिनं सांगितलं मला. वर्गातच सांगितलं व्हतं म्हनली तुमाला, लई आधी. तवा पोर दवाखान्यात न्हवती गेली.”

सुंदरम्माला खोटं उत्तर द्यायची लाज वाटली.

“मी घाबरले होते,” ती म्हणाली.

“व्हय. मान्सं भितात.” सुगराबीनं चहाचा कप पुढे केला. आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. अमिना दाराशी उभी राहून ऐकत होती. ती थोडी भरली होती, गालांवर रंग होता. निघताना ती एस.टी.पर्यंत सोबत आली.

जूनअखेर अमिनाचं कार्ड आलं. अब्बांनी माढ्याच्या शाळेत नाव घातलंय, रोज एस.टी.नं जाते, तिथं इंग्रजीचे सर फक्त धडा वाचून दाखवतात. खाली सही, आणि त्याखाली अम्मीचा सलाम.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शरणप्पांनी दर वर्षीप्रमाणे स्वतःच्या हातानं शिक्षकांना पेढे वाटले. तपकिरीनं पिवळी पडलेली ती दोन बोटं रांगेतून एकेकापुढे येत होती. सगळे वाकून घेत होते. सुंदरम्मासमोर ती बोटं थांबली, तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“घ्या बाई. आज चांगला दिवस हाय,” शरणप्पा म्हणाले.

“नको,” ती म्हणाली. “मला चालणार नाही.”

त्यांनी तो पेढा क्षणभर तसाच धरला, आणि मग शेजारच्या ड्रॉइंगच्या सरांना दिला. सरांनी तो घेतला.